घर, कर आणि खर्च: आपल्या खासदारांनी संसदेत नेमकं काय विचारावं?

रामबागवाला

मंडळी, बऱ्याच दिवसांपासून मनात असलेला विषय मांडतो. संसदेच्या संकेतस्थळावर घरबांधणी, कर आणि सरकारी खर्च यांवर विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं मी सवडीने वाचत असतो. हिंदीत पीडीएफ मिळतात, कुणालाही उघडता येतात. वाचत गेल्यावर एक गोष्ट पक्की झाली, ती इथल्या इंदूरकरांपुढे ठेवायची आहे.

निवडणूक आली की खासदाराच्या कामाचा हिशेब आपण प्रश्नांच्या संख्येने करतो. अमुकांनी इतके विचारले, तमुकांनी तितके. या संख्येतून फार कळत नाही. प्रश्न कुठल्या मंत्रालयाला गेला, त्यात शहराचं नाव होतं का, उत्तरात कुठले रकाने मागितले होते, यावर त्याचं मोल ठरतं. एक नीट बांधलेला अतारांकित (लेखी उत्तराचा) प्रश्न शहराला वर्षभर पुरेल इतकी माहिती काढून देतो. उलट "देशातील घरांच्या टंचाईबाबत सरकार काय पावले उचलत आहे" असले पन्नास प्रश्न विचारले तरी हाती योजनेचं माहितीपत्रकच पडतं.

घरांचं उदाहरण घ्या. गृहनिर्माण मंत्रालयाच्या उत्तरांची सुरुवात बहुतेक वेळा एकाच वाक्याने होते: भूमी आणि वसाहतीकरण हे राज्यांचे विषय आहेत. पुढे २५ जून २०१५ ला प्रधानमंत्री आवास योजना सुरू झाल्याचा परिच्छेद येतो, मग तिचे घटक, आणि शेवटी राज्यवार तक्ता. त्या तक्त्यात घरं मंजूर किती, काम सुरू किती, पूर्ण किती, आणि केंद्राचं साहाय्य मंजूर किती, दिलं किती, असे रकाने असतात. मध्य प्रदेशची एक ओळ. त्या ओळीत इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर, झाबुआ सगळं एकत्र. त्यातून आपल्या हाती काय लागणार?

"राहायला कोणी आलं का" हा रकाना तर मागितल्याशिवाय मिळतच नाही. घर पूर्ण होणं आणि त्यात चूल पेटणं यांत पाण्याची जोडणी, वीज मीटर, लाभार्थ्याचा हप्ता, बँकेचं कर्ज, रजिस्ट्री असं बरंच काही असतं. आपल्याकडे कनाडियाला लाइट हाउस प्रकल्पाची, म्हणजे नव्या बांधकाम तंत्राने उभारायची, १,०२४ घरं आहेत. देशातल्या ६ शहरांत हे प्रकल्प घेतले, १ जानेवारी २०२१ ला पंतप्रधानांनी पायाभरणी केली, आणि इंदूरला आधी तयार केलेल्या सँडविच पॅनेलचं तंत्र वापरायचं ठरलं. प्रकल्प केंद्राचा, त्यामुळे "राज्याचा विषय" म्हणून हात झटकता येणार नाहीत. त्यातल्या किती घरांत आज कुटुंबं राहतात, एका घराचा शेवटचा खर्च किती आला, नेहमीच्या बांधकामाच्या तुलनेत तो कमी की जास्त, हे विचारलं तर आकडा द्यावाच लागेल.

हे खासदाराच्या मनात आपोआप येणार नाही. आपण द्यायला हवं. म्हणून हा धागा: इंदूरच्या घर-कर-खर्चावर चार चांगले प्रश्न इथे मिळून तयार करू आणि अधिवेशनाआधी खासदारांच्या कार्यालयात देऊ. पक्ष कुठला, हा या धाग्याचा विषय नाही.

अनघा_सुदामानगर

दादा, फार गरजेचा धागा. पण सामान्य माणसाने लिहून दिलेला प्रश्न खासदार खरंच घेतात का? आमच्या गल्लीतले लोक पार्षदाच्या (नगरसेवकाच्या) पुढे जातच नाहीत. ड्रेनेज असो की घरकुल, सगळं पार्षदाकडे.

अभ्यासू_भंवरकुआं

ताई, घेतात. मी भंवरकुआंला राहून राज्यसेवेची तयारी करतो, त्यामुळे नियम पाठ आहेत, कामाचे तेवढे लिहितो.

लोकसभेत रोज २० तारांकित प्रश्न यादीत येतात आणि २३० अतारांकित. तारांकिताचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतो. अतारांकिताचं उत्तर लेखी. एका खासदाराला एका दिवसासाठी ५ सूचना देता येतात आणि यादीत त्याचा तारांकित एकच लागतो. कोणाचा प्रश्न लागेल ते सोडतीने ठरतं. किमान १५ पूर्ण दिवस आधी सूचना द्यावी लागते. मंत्रालयांचे गट पाडलेले असतात, प्रत्येक गटाला आठवड्याचा वार ठरलेला. म्हणजे अधिवेशन सुरू झाल्यावर पत्र घेऊन जाण्यात अर्थ नाही, तारखा जाहीर झाल्याबरोबर जायला हवं.

प्रश्न १५० शब्दांच्या आत हवा. न्यायप्रविष्ट बाब चालत नाही. जी माहिती छापील सरकारी दस्तऐवजात सहज मिळते ती विचारली तर प्रश्न नाकारला जाऊ शकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, विषय मुळात केंद्र सरकारच्या अखत्यारीतला हवा. इंदूरचे अर्धे प्रश्न इथेच गळतात.

काका_राजेंद्रनगर

रामबागवाल्यांनी सुरुवात चांगली केली आहे. मी हयात सरकारी लेखा खात्यात घालवली, त्या अनुभवावरून खर्चाच्या बाजूने भर घालतो.

सरकारी पैशाच्या ४ पायऱ्या असतात: तरतूद, मंजुरी, वितरण आणि प्रत्यक्ष वापर. वर्तमानपत्रात मथळा पहिल्या दोन पायऱ्यांचा येतो. "इंदूरसाठी इतके कोटी मंजूर." लोक समजतात पैसा आला. मंजूर रकमेचा पहिला हप्ता येतो, तो खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र निगम (महापालिका) राज्याला देतं, राज्य केंद्राला देतं, मग पुढचा हप्ता सुटतो. कागद कुठे अडला की काम अडतं, ठेकेदार अडतो, आणि नागरिकाला वाटतं की दिल्लीने पैसे दिले नाहीत. दिल्ली म्हणते आम्ही दिले, भोपाळ म्हणतं आम्ही पाठवले.

म्हणून खर्चाच्या कुठल्याही प्रश्नात या ४ पायऱ्या वेगवेगळ्या विचारा आणि शेवटी एक ओळ घाला: "किती रकमेची उपयोगिता प्रमाणपत्रे प्रलंबित आहेत आणि किती काळापासून." या एका ओळीने कागद नेमका कुठल्या टेबलावर आहे ते कळतं. आणखी एक, आकडे नेहमी ३१ मार्चचे मागा. "आजपर्यंत" असं विचारलं की दोन उत्तरांची तुलना होत नाही, कारण प्रत्येक उत्तराचा "आज" वेगळा.

मुक्काम_पुणे

इंदूरचा जावई या नात्याने विचारतो. प्रश्नांची संख्या अगदीच निरुपयोगी म्हणता येईल का? जो काहीच विचारत नाही त्याच्यापेक्षा शंभर विचारणारा बराच ना? निदान तो तिथे बसतो, वाचतो.

रामबागवाला

पुणेकर, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण इंदूरचं उदाहरण बघा. सुमित्राताई महाजन १९८९ पासून सलग ८ वेळा इथून निवडून आल्या. २०१४ ते २०१९ त्या लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. अध्यक्ष प्रश्न विचारत नाहीत. त्याआधी वाजपेयींच्या सरकारात त्या राज्यमंत्री होत्या, आणि मंत्री प्रश्नांना उत्तरं देतात, विचारत नाहीत. नुसत्या संख्येने मोजलं तर ती सगळी वर्षं शून्य. ताईंनी त्या काळात काम केलं नाही असं इंदुरात कोणी म्हणेल का?

उलट बाजूही आहे. प्रश्न पैशाला विकल्याच्या प्रकरणात डिसेंबर २००५ मध्ये ११ खासदारांचं सदस्यत्व गेलं. संख्येत त्यांचेही प्रश्न मोजले गेलेच असणार.

किल्ल्याखालचा

ग्वाल्हेरहून लिहितोय. एका प्रश्नाने काय होऊ शकतं याचा जुना दाखला द्यायला हवा. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटींचे शेअर घेतले. सभागृहात त्यावर प्रश्न आला, उत्तर गोलमाल मिळालं, आणि फिरोज गांधींनी ते धरून ठेवलं. ते स्वतः सत्ताधारी बाकांवरचे. न्यायमूर्ती छागलांची चौकशी बसली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारींना पद सोडावं लागलं. सगळ्याचं मूळ एकच: सार्वजनिक पैसा कोणी, कुणाच्या सांगण्यावरून, कुठे घातला.

हल्लीच्या उत्तरांवर असं कुणी चिकाटीने मागे लागताना मला तरी फारसं दिसत नाही. उत्तर आलं, पीडीएफ चढली, विषय संपला.

अभ्यासू_भंवरकुआं

त्यासाठी साधन आहे, दादा. नुकत्याच दिलेल्या उत्तरातल्या महत्त्वाच्या बाबीवर अर्धा तास चर्चेची मागणी करता येते. आणि मंत्र्यांनी "माहिती गोळा केली जात आहे, सभापटलावर ठेवली जाईल" असं म्हटलं, तर ते आश्वासन धरलं जातं. ते ३ महिन्यांत पुरं करायचं असतं, आणि शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. ते वाक्य वाचून आपण निराश होतो, पण कागदावर ते सरकारला बांधून ठेवतं.

अनघा_सुदामानगर

मग मी माझा विषय मांडते. गेल्या वर्षी आम्ही बंगाली चौराह्याच्या पुढे फ्लॅट बुक केला. नवरा खासगी नोकरीत, मी शाळेत. बुकिंगच्या वेळी विक्रीवाल्याने सांगितलं, "मॅडम, अफोर्डेबलमध्ये बसतो, जीएसटी १ टक्काच." कागद झाले तेव्हा पार्किंग आणि क्लब हाउसचे पैसे धरून किंमत ४५ लाखांच्या वर गेली आणि कर ५ टक्के लागला. एवढा फरक आधी कोणीच समजावून सांगितला नाही. त्यात रजिस्ट्रीचा खर्च वेगळा. आवास योजनेच्या व्याज अनुदानात बघितलं तर तिथेही बसत नाही. मग परवडणारं घर नेमकं कुणासाठी?

सीए_पलासिया

अनघाताई, हा घोळ माझ्याकडे आठवड्यातून एकदा तरी येतोच. नियम सांगतो.

बांधकाम चालू असलेल्या घरावर १ एप्रिल २०१९ पासून दोन दर आहेत: परवडणाऱ्या घराला १ टक्का, बाकीच्यांना ५ टक्के, आणि बिल्डरला इनपुट क्रेडिट (सामानावर भरलेल्या कराची वजावट) नाही. परवडणारं कोणतं? किंमत ४५ लाखांपर्यंत, आणि महानगरात ६० चौरस मीटर, इतरत्र ९० चौरस मीटर कार्पेट (भिंतींच्या आतली वापराची जागा). इंदूर त्या महानगरांच्या यादीत नाही, म्हणून आपल्याला ९० ची मुभा. किंमत धरताना बिल्डर घराबरोबर जे जे आकारतो त्यातलं बरंचसं धरलं जातं, ताईंचं गणित तिथेच फिरलं. काम पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र मिळाल्यानंतर घेतलेल्या घरावर जीएसटी नाही.

आता आवास योजना २.०, म्हणजे तिचा दुसरा टप्पा. व्याज अनुदानासाठी वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत. पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के सूट, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तेही ५ वार्षिक हप्त्यांत. म्हणजे एकच सरकार एका खात्यात ४५ लाखांचं घर परवडणारं मानतं आणि दुसऱ्यात ३५ लाखांचं. विजयनगर, निपानिया, बायपासच्या आसपास ३५ लाखांत २ खोल्यांचा धड फ्लॅट शोधून दाखवा.

तिसरी बाब आयकराची. स्वतः राहत्या घराच्या कर्जावरच्या व्याजाची वजावट २०१४ मध्ये दीड लाखावरून २ लाख केली, तिथेच ती थांबली आहे. आणि नव्या करप्रणालीत ती राहत्या घराला मिळतच नाही. आता नवी प्रणालीच आपोआप लागू होते, जुनी निवडून घ्यावी लागते. १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही या घोषणेने बरेच पगारदार नव्याकडे गेले. घर घेताना करात मिळणारा आधार त्यामुळे कितीजणांचा सुटला, हा अर्थमंत्रालयाला विचारायचा खरा प्रश्न आहे: गृहकर्ज व्याजाची वजावट मागणाऱ्या विवरणपत्रांची संख्या, गेल्या ५ वर्षांची, वर्षवार.

काका_राजेंद्रनगर

सीएसाहेब, शेवटचा प्रश्न उत्तम. पण करसवलतींमुळे सरकारचा किती महसूल बुडतो याचं विवरण अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत असतं. ते आधी बघून घ्या आणि त्यात नाही तेवढंच विचारा. नाहीतर प्रश्न परत येईल.

सीए_पलासिया

बरोबर काका. रक्कम तिथे पाहता येईल. आपण विवरणपत्रांची संख्या आणि उत्पन्नगट मागू.

आणि करात मागे लागल्याने बदल होतो याचं ताजं उदाहरण: २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात घर विकल्यावरच्या दीर्घकालीन नफ्याला इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरणं) काढून सरसकट १२.५ टक्के दर केला. रामबाग, नारायण बागेतल्या जुन्या वाड्यांचे वारसदार हादरलेच. ऑगस्टमध्ये वित्त विधेयकातच दुरुस्ती झाली आणि त्या तारखेआधी घेतलेल्या मालमत्तेला इंडेक्सेशनसह २० टक्के किंवा त्याविना १२.५ टक्के, यांत कमी पडेल तो कर भरायची मुभा मिळाली. सभागृहात आणि बाहेर आवाज उठला म्हणून हे झालं.

मुक्काम_पुणे

जीएसटीच्या मर्यादेवर विचारलं तर उत्तर काय येईल ते आत्ताच सांगतो: "दर जीएसटी परिषदेच्या शिफारशीनुसार ठरतात." पुढे काय करणार?

रामबागवाला

म्हणून "मर्यादा वाढवणार का" असं विचारायचंच नाही. असं विचारायचं: ४५ लाखांच्या मर्यादेचा फेरविचार करावा असे प्रस्ताव २०१९ नंतर कोणत्या राज्यांकडून, कोणत्या तारखांना आले, ते परिषदेपुढे ठेवले का, ठेवले असल्यास कोणत्या बैठकीत. यातलं काहीच "परिषद ठरवते" म्हणून टाळता येत नाही. मध्य प्रदेशने असा प्रस्ताव पाठवलाच नसेल तर तेही कळेल, आणि मग भोपाळला विचारता येईल.

सयाजीनगरी

बडोद्याहून रामराम. आमच्याकडेही हेच चाललं आहे. जकात गुजरातने २००७ मध्ये काढली, तेव्हापासून महापालिका राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावून. तुमच्याकडे तर फारच आधी गेली ना?

काका_राजेंद्रनगर

आमच्याकडे १९७६ मध्ये. त्या जागी प्रवेशकर आला आणि निगमाला राज्याकडून चुंगी क्षतिपूर्तीची (जकातीच्या भरपाईची) रक्कम मिळू लागली. आजही निगमाच्या पगाराची तारीख त्या रकमेवर हलते. पण हा संपूर्ण भोपाळचा विषय, तिथे विधायकांनी (आमदारांनी) विचारायला हवं.

केंद्राशी संबंध येतो तो विभाज्य निधीचा, म्हणजे केंद्राच्या करांतून राज्यांबरोबर वाटून घ्यायच्या पैशाचा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी राज्यांना ४१ टक्के वाटा दिला आणि त्यात मध्य प्रदेशचा हिस्सा ७.८५ टक्के होता. पण उपकर आणि अधिभार या निधीत येतच नाहीत. पेट्रोलचं उदाहरण घ्या. २०२१ च्या अर्थसंकल्पापासून मूळ उत्पादन शुल्क लिटरमागे फक्त १ रुपया ४० पैसे ठेवलं. केंद्र लिटरमागे जे एकूण घेतं त्यातलं राज्यांबरोबर वाटलं जातं ते एवढंच. बाकी सगळं उपकर आणि विशेष शुल्काच्या नावाने. पंपावर भरलेला रुपया आपल्याच निगमाच्या दिवाबत्तीपर्यंत का येत नाही, याचं उत्तर बरंचसं इथे आहे. याचा वर्षवार तक्ता मागायला हवा: एकूण करवसुलीत उपकर-अधिभाराचा वाटा किती, आणि मध्य प्रदेशला विभाज्य निधीतून प्रत्यक्ष किती.

सयाजीनगरी

कर्जरोख्यांचंही विचारा काका. आमच्या महापालिकेने २०२२ मध्ये १०० कोटींचे काढले. तुमच्या निगमाचे तर सामान्य गुंतवणूकदारांनीही घेतले म्हणे?

काका_राजेंद्रनगर

हो, फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे, जलूदच्या ६० मेगावॉट सौर प्रकल्पासाठी. नर्मदेचं पाणी जलूदहून चढवून इंदूरला आणायला निगमाच्या तिजोरीतलं मोठं वीजबिल जातं, ते कमी करायचा हा मार्ग. कल्पना चांगली आहे आणि मला तिचा अभिमानही वाटतो. त्यासाठीच हिशेब वेळेवर लोकांपुढे यायला हवा: प्रकल्पातून किती वीज मिळाली, बिल किती उतरलं, व्याज किती गेलं. पहिल्या दोन गोष्टी निगमाला विचारायच्या. केंद्राला विचारायचं ते प्रोत्साहन रकमेचं. केंद्राच्या अमृत या शहरी योजनेत १०० कोटींच्या रोख्यांमागे १३ कोटी असं प्रोत्साहन होतं. कोणत्या शहराला किती मिळालं आणि ते कशावर खर्च झालं, हा प्रश्न बडोदा आणि इंदूर दोघांच्याही कामाचा.

किल्ल्याखालचा

बीआरटीएसचं, म्हणजे बसच्या राखीव मार्गाचं, कोणी काढलंच नाही! साडेअकरा किलोमीटरचा मार्ग २०१३ मध्ये सुरू केला, २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तो काढायला परवानगी दिली. जेएनएनयूआरएम या शहरविकास योजनेचा म्हणजे केंद्राचा पैसा त्यात होता. बांधायला किती, काढायला किती, आणि केंद्राचं अनुदान असलेली मालमत्ता मोडताना मंत्रालयाला कळवलं का?

अभ्यासू_भंवरकुआं

शेवटचा भाग चांगला आहे. पण बाब न्यायालयाशी निगडित आहे, तेव्हा "न्यायालयापुढे प्रलंबित" म्हणून अडवतील. फक्त अनुदानाचे आकडे मागा.

मेट्रोचंही तसंच. साडेएकतीस किलोमीटरचा वर्तुळाकार मार्ग, ७,५०० कोटींचा मंजूर खर्च, ३१ मे २०२५ ला त्यातला जेमतेम ६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. सुधारित खर्चाचा अंदाज सादर झाला का, एवढंच विचारावं.

अनघा_सुदामानगर

मला अजून एक सांगायचंय. माझ्या सासऱ्यांनी एका गृहनिर्माण सहकारी संस्थेत प्लॉटचे पैसे भरले होते. नाव लिहीत नाही. ते गेले, प्लॉट अजून कागदावरच. सासूबाई पावत्या पिशवीत जपून ठेवतात, दर अक्षय तृतीयेला काढून मोजतात. इंदुरात अशी घरं किती तरी आहेत. हे संसदेत विचारता येणार नाही का?

अभ्यासू_भंवरकुआं

ताई, सहकारी संस्था आणि जमीन हे दोन्ही राज्याच्या यादीतले विषय. दिल्लीत पहिल्याच ओळीत नाकारतील. हा प्रश्न भोपाळच्या विधानसभेतच जायला हवा.

रामबागवाला

अनघाताई, तुमच्या सासूबाईंसाठी हा प्रश्न आपण नक्की तयार करू. विधानसभेची उत्तरंही मी वाचली आहेत. तिथे ३ वाक्यांपासून सांभाळायचं असतं: "जानकारी एकत्रित की जा रही है", "शेष प्रश्नांश उपस्थित नहीं होता" आणि "जानकारी पुस्तकालय में रखे परिशिष्ट अनुसार है". तिसरं सगळ्यात अवघड. यादी असते, पण ती भोपाळला ग्रंथालयात, आणि इंदूरच्या म्हाताऱ्या माणसाला तिचा काय उपयोग?

दुसऱ्यासाठी उपाय आहे. प्रश्नाचे भाग एकमेकांवर अवलंबून ठेवू नका. "(क) तक्रारी आल्या का? (ख) आल्या असल्यास काय केलं?" असं विचारलं की (क) ला "जी नहीं" म्हणून पुढचं सगळं पुसतात. त्याऐवजी सरळ विचारा: इंदूर जिल्ह्यातल्या किती गृहनिर्माण संस्थांचं लेखापरीक्षण किती वर्षांपासून झालेलं नाही, किती संस्थांवर प्रशासक आहे, किती सभासदांना ताबा मिळालेला नाही. प्रत्येक भाग स्वतंत्र उभा. तिसऱ्यासाठी विधायकांनाच विनंती करायची की परिशिष्टाची प्रत मागवून आपल्याला द्यावी. आमदारांना ती मिळते.

आता दिल्लीचा पहिला मसुदा ठेवतो. पत्र हिंदीतच जाईल.

गृहनिर्माण आणि नगरविकास मंत्री सांगतील काय:
(क) प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) आणि तिच्या दुसऱ्या टप्प्यात इंदूर नगरनिगम हद्दीत घटकवार व वर्षवार किती घरे मंजूर झाली, किती पूर्ण झाली आणि किती घरांत लाभार्थी राहत आहेत;
(ख) लाइट हाउस प्रकल्पाच्या १,०२४ घरांपैकी ताबा दिलेल्या घरांची संख्या आणि प्रति घर अंतिम खर्च;
(ग) वरील घरांसाठी केंद्रीय साहाय्य किती मंजूर, किती वितरित, किती वापरले गेले आणि किती रकमेची उपयोगिता प्रमाणपत्रे प्रलंबित आहेत;
(घ) व्याज अनुदानासाठी घराच्या किमतीची ३५ लाखांची मर्यादा कोणत्या शहरांच्या कोणत्या किमतींच्या आधारे ठरवली?

काका_राजेंद्रनगर

(क) मध्ये "प्रत्येक वर्षाच्या ३१ मार्च रोजी" घाला. (ग) मध्ये "राज्याचा हिस्सा किती जमा झाला" हेही हवं, नाहीतर दोष कुणाचा ते कळणार नाही.

सीए_पलासिया

(घ) फार छान. जीएसटीचा आणि विवरणपत्रांचा असे दोन मसुदे अर्थमंत्रालयासाठी उद्या टाकतो. एकाच पत्रात दोन मंत्रालयं नकोत.

अभ्यासू_भंवरकुआं

शब्द मोजतो, हिंदीत केल्यावर १५० च्या आत बसायला हवेत. तारांकित नको, अतारांकितच मागू. आपल्याला तक्ता हवा आहे. उत्तर आलं की त्यातल्या कमी पडलेल्या रकान्यांवर पुढच्या अधिवेशनात तारांकित.

संपादक

धाग्यात पक्षीय शेरे असलेले दोन प्रतिसाद काढले आहेत. विषयाला धरून लिहावं.

अनघा_सुदामानगर

सासूबाईंना धागा वाचून दाखवला. संस्थेच्या नोंदणीचा क्रमांक आणि पावत्यांच्या तारखा त्यांच्याकडे आहेत. त्यांनी विचारलंय, विधायकांकडे जाताना बरोबर आलं तर चालेल का?

रामबागवाला

चालेल काय, त्यांनी यावंच. पावत्यांच्या झेरॉक्स दोन प्रती काढा, मूळ पावत्या घरीच ठेवा. लोकमान्य नगर आणि वैशाली नगरातल्या ज्यांचे प्लॉट असेच अडकले आहेत त्यांनी संस्थेचं नाव इथे न लिहिता मला निरोपात कळवा, एकत्र यादी करू. अर्थमंत्रालयाचे मसुदे आले की दिल्लीचं पत्र पक्कं करतो आणि अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की त्याच आठवड्यात देऊन येऊ. कोण कोण येणार ते खाली लिहा.

काका_राजेंद्रनगर

मी येतो. पोचपावती घेतल्याशिवाय निघायचं नाही.

अभ्यासू_भंवरकुआं

मीही. हिंदी प्रत माझ्याकडे द्या, टाइप करून आणतो.